बाटली उघडा

बाटली विकत घेऊन ती न उघडणाऱ्या माणसाला रसिक म्हणू नये. गोदामवाला म्हणावं. आपल्या सोलापुरात गोदामवाल्यांची कमी नाही आणि तो धंदाही काही वाईट नाही. पण चादरींचे गठ्ठे राखणारा माणूस 'मी वस्त्रकलेचा उपासक आहे' असं सांगत फिरत नाही. बाटल्या राखणारे मात्र फिरतात. काचेचं कपाट, आत पिवळा दिवा, आणि पाहुणे आले की त्यांना तिथे नेऊन 'ही बघ, अठरा वर्षांची, ही तेवीस वर्षांची' असं वर्षांचं प्रदर्शन. चव कशी आहे विचारलं तर उत्तर नाही. किंमत विचारा, तोंडपाठ.

निमित्त अर्थातच तात्यांच्या कपाटातली बाटली. घरातल्यांना सगळं रामायण माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा एक भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे दारूची दुकानं सरकारची, आणि दुर्मिळ बाटल्यांची चक्क सोडत निघते, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी. नंबर लागला की बाटली फुकट मिळत नाही, ठरलेल्या दराने विकत घेण्याचा हक्क मिळतो. त्याचा नंबर लागला आणि त्याने पॅपी व्हॅन विंकल नावाची, वीस वर्षं लाकडात मुरलेली बर्बन घेतली. पुढच्या खेपेला सामानात स्वेटरमध्ये गुंडाळून सोलापुरात आणली आणि तात्यांना दिली. तात्या म्हणजे माझे काका. जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून त्यांचा जन्म गेला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. बाटली अजून बंद. पुण्याचा दादा म्हणतो, "वेडे आहात का, लाखांचा माल आहे, राहू द्या." ताई म्हणते, नातीच्या लग्नात उघडू. (नात आठवीत आहे.) आणि एक जण, ज्याचं नाव मी घेत नाही, म्हणतो की खोक्यासकट फ्रेम करून हॉलमध्ये लावू. तिघांनाही उत्तर द्यायचं आहे, आणि ते फोनवर देता येत नाही, कारण फोनवर दादाच बोलतो.

आधी बर्बन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अमेरिकेचा कायदा यात फार काटेकोर आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. भट्टीतून निघताना मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नको. रंग, चव, बाहेरचं काहीही घालायचं नाही. आणि पिंप ओकचं, आतून जाळून कोळसा केलेलं आणि कोरं करकरीत. दर वेळी नवं पिंप! एकदा वापरलं की बर्बनला ते चालत नाही. मग ती वापरलेली पिंपं जातात स्कॉटलंडला, आणि त्यात स्कॉच मुरते.

ही पिंपाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण वर्षांची पूजा करणारे नेमके इथेच घसरतात. स्कॉचचं पिंप म्हणजे एकदा उकळून झालेली चहापत्ती. त्यात पाणी घालून कितीही वेळ ठेवा, सावकाश उतरत राहतं. तिथला गारवाही मदतीला असतो. तिथे तेवीस-पंचवीस वर्षं म्हणजे मोठी कमाई असू शकते. बर्बनचं पिंप म्हणजे नवी कोरी पत्ती, तीही भरपूर, आणि केंटकीचा उन्हाळा म्हणजे खाली चालू गॅस. सुरुवातीची वर्षं बहारीची. लाकडातून व्हॅनिला येतो, जळलेल्या साखरेचा गोडवा येतो, रंग येतो. मग कधीतरी तुरटपणा चढायला लागतो. अर्धा तास उकळलेला चहा तुम्ही 'जुना आणि दुर्मिळ' म्हणून कपाटात ठेवाल का? बेसिनमध्ये ओताल.

वीस वर्षांची प्रत्येक बर्बन खराब असते असं मी म्हणत नाही. गोदामातल्या खालच्या, गार मजल्यावरची काही पिंपं तग धरतात, आणि ती ओळखून बाजूला काढणं हे कसबाचं काम आहे. पण ते कसब निवडणाऱ्याच्या नाकाचं. लेबलावरचा आकडा ते नाक सांगत नाही.

आता थोडा हिशोब. पिंपातून दर वर्षी काही भाग हवेत उडतो. त्याला ते लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. केंटकीत हा वाटा साधारण चार टक्के धरतात. २०० लिटरचं पिंप तेवीस वर्षं ठेवलं तर या दराने उरते अठ्ठ्याहत्तर लिटरच्या आसपास. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हाच वाटा वर्षाला दहा ते बारा टक्के आहे. अकरा धरा. म्हणजे अठ्ठ्याहत्तर लिटर उरायला तिथे आठच वर्षं लागतात! अमृतने २०१३ साली आठ वर्षांची एक माल्ट व्हिस्की काढली आणि तिचं नावच ठेवलं 'ग्रीडी एंजल्स', हावरट देवदूत. आणि समजा बंगळुरूतच कुणी तेवीस वर्षांचा हट्ट धरला, तर २०० लिटरातले चौदा उरतील. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात काय उरेल, त्याचा हिशोब तात्यांवर सोडतो. ते म्हणाले, "पिंप उरेल."

म्हणजे 'तेवीस वर्षं' हा आकडा जागेशिवाय बोलूच नये. लुईव्हिलची तेवीस वेगळी, स्कॉटलंडची वेगळी, बंगळुरूची आठ वेगळी. नाशिकची थंडी आणि सोलापूरचा मे महिना एका कॅलेंडरात येतात म्हणून एक होत नाहीत. आपण मात्र आकडा बघून मान डोलावतो. आपल्याकडे 'जुनं ते सोनं' हे रक्तातच आहे. आयुर्वेदातसुद्धा जुनं तूप, जुना मध, जुना गूळ यांना मान आहे. पण वैद्य जुनं तूप देतो ते रोग बघून, आणि ते द्यायलाच ठेवलेलं असतं.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. ही जुनी बर्बन मुळात तयार कशी झाली? कुणा ऋषितुल्य कारागिराने वीस वर्षं तपश्चर्या केली म्हणून? नाही हो. माल खपला नाही म्हणून! १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या तरुणांनी बर्बनकडे पाठ फिरवली. बापाची दारू म्हणून. त्यांना व्होडका हवी होती. केंटकीच्या गोदामांत पिंपं पडून राहिली. ज्युलियन 'पॅपी' व्हॅन विंकल (१८७४–१९६५) ज्या स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरीचा कर्ताधर्ता होता, ती १९३५ साली लुईव्हिलजवळ सुरू झाली, १९७२ मध्ये घराण्याने विकली आणि १९९२ मध्ये तिथली भट्टी बंद पडली. पडून राहिलेल्या जुन्या मालाला तेव्हा अमेरिकेत गिऱ्हाईक नव्हतं. जपानी लोक घ्यायचे. पॅपीच्या नातवाने तसला जुना माल निवडून, आजोबांचा फोटो लावून बाटल्या भरल्या आणि नव्वदच्या दशकात समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. २००२ पासून हे घराणं फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीबरोबर काम करतं.

गिरण्या बंद पडलेल्या गावातल्या माणसाला हे सांगायला नको. आपल्याकडेही माल पडून राहिला, भोंगे थांबले, चिमण्या उभ्या राहिल्या. फरक एवढाच की आपल्या न खपलेल्या मालाला कसर लागली आणि त्यांच्या न खपलेल्या मालाला सोडत लागली. नातवाचं कौतुक आहेच, त्याने वाया जाणारं वाचवलं, आणि वाचवलं ते लोकांनी प्यावं म्हणून. त्यावर कुलूप लावणारे नंतर आले.

आणि चक्र पुन्हा फिरतंय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बर्बनला इतका भाव आला की केंटकीत आज दीड कोटीच्या आसपास पिंपं मुरत पडली आहेत, माणसं मात्र पन्नास लाखही नाहीत. आता मागणी सैलावली. जिम बीमने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की आपल्या मुख्य जागेची भट्टी २०२६ सालात बंद ठेवणार. म्हणजे २०४५ साली वीस वर्षांची बर्बन रग्गड असणार. दादा, तुझी 'लाखांची गुंतवणूक' तेव्हा कुठे असेल? (ह. घ्या.)

गुंतवणुकीचा विषय निघालाच आहे तर संपवून टाकतो. दादाच्या हिशोबात अधिकृत दर आणि बाहेरचा दर यांतला फरक म्हणजे नफा. तेवीस वर्षांच्या पॅपीची कंपनीने सुचवलेली किंमत बरीच वर्षं तीनशे डॉलरच्या आसपास होती, आणि बाहेर ती हजारोंत जाते, हे खरं. याच भावापायी २०१३ मध्ये बफेलो ट्रेसच्या आवारातून दोनशेच्या आसपास बाटल्या चोरीला गेल्याचं उघड झालं, आणि पुढे आरोप ठेवले गेले ते आतल्याच माणसांवर. २०२३ मध्ये ओरेगॉन राज्याच्या दारू खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अशाच दुर्मिळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवल्याचं बाहेर आलं आणि प्रमुखाला जावं लागलं. रिकाम्या बाटल्यासुद्धा विकल्या जातात तिथे. रिकामी पॅपी कुणी पैसे मोजून कशाला घेत असेल, विचार करा.

पण हे सगळं तिथलं. केंटकीत २०१८ पासून कायद्याने सोय आहे, परवानाधारक दुकानदार खाजगी माणसाकडून जुनी बाटली विकत घेऊ शकतो. इथे? इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' नाव लागलं, बाकी मूळ तेच. घरात बाटली ठेवायला आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, आजन्म हजार रुपयांत. आपल्यापैकी कितीजणांनी काढलाय हे मी विचारत नाही. तात्यांकडे आहे, जुना, लॅमिनेट केलेला. आणि विकायचं म्हटलं तर परवाना नसलेल्या माणसाने बाटली विकणं हा सरळ गुन्हा आहे. म्हणजे दादा, तुझ्या मालाला कागदावर भाव आहे, बाजार नाही. कुणाला विकणार? सात रस्त्यावर टेबल टाकून?

याच जिल्ह्यात मुळेगाव तांड्यावर हातभट्टीची रसायनं वर्षानुवर्षं ओतून टाकली गेली. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं, भट्टी लावणाऱ्यांना दुसऱ्या कामाकडे वळवायला सुरुवात केली. चांगलंच केलं. पण तिथल्या बाईने बाटली विकली तर गुन्हेगार आणि पुण्यातल्या माणसाने विकली तर 'कलेक्टर', हे मला पटत नाही. मावशी, तू दारूच्याच विरुद्ध आहेस आणि तुझ्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तुझ्याशी माझं भांडण नाही. न पिणाऱ्याचा मला आदर आहे. पिण्याच्या नावाखाली साठवणाऱ्याचा नाही.

आता चवीबद्दल. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या एका शनिवारी आम्ही पाच जण तात्यांकडे बसलो होतो. भाच्याने दुसऱ्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक साधी, सहा-सात वर्षांची, तिथे कुठल्याही दुकानात मिळणारी. दुसरी अठरा वर्षांची. नावं लिहीत नाही, कंपन्यांशी माझं वैर नाही. तिसरी आपली देशातली एक माल्ट. सुनेने स्वयंपाकघरात चहाच्या कपात ओतून, खाली नंबर चिकटवून आणून दिल्या. सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे. (चटणीने जीभ बधिर होते, आधी नुसतं प्या, हा तात्यांचा नियम. कुणी पाळला नाही.)

तात्यांचं बघण्यासारखं होतं. कप तोंडाजवळ नाही, छातीजवळ धरला. मग हनुवटीजवळ. मग थोडं तळहातावर घेऊन चोळलं आणि हुंगलं, कारखान्यात नमुना तपासायचे तसं. आयुष्यभर त्यांनी मळीपासून रेक्टिफाइड स्पिरिट काढलं, पंचाण्णव टक्क्यांचं. ते म्हणायचे, "आम्ही चव काढून टाकायचा पगार घ्यायचो." इतकं शुद्ध केल्यावर त्यात मुरायला काही उरतच नाही. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं स्वस्त पेय याच मळीच्या स्पिरिटवर उभं आहे, आणि युरोपात ते व्हिस्की या नावाने विकता येत नाही. बर्बनवाले ८० टक्क्यांवर थांबतात ते एवढ्यासाठीच, मक्याचं काहीतरी राहावं म्हणून. हे तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कपातून त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "ह्यांनी अर्धंच काम केलंय. बरं केलंय."

नंबर लावायला सांगितल्यावर पाचांपैकी चौघांनी साधी बाटली पहिली लावली. अठरा वर्षांची कुणालाच पहिली वाटली नाही. मला ती भारदस्त वाटली, जुन्या वाड्यातल्या लाकडी जिन्यासारखा वास, पण शेवटी जिभेवर सुपारी चघळल्यासारखं आवळून आलं. तात्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्यात लाकूड जास्त बोलतंय. धान्याला बोलूच देत नाही." दादाही होता त्या दिवशी. त्यानेही साधीलाच पहिला नंबर दिला होता. कपांचे नंबर उघडल्यावर म्हणाला, "माझं नाक बंद होतं."

पाच माणसांची चाचणी म्हणजे काही शास्त्र नव्हे. त्या वीस वर्षांच्या बाटलीची चव कदाचित या सगळ्याला खोटं पाडेल. तिच्यात राईऐवजी गहू घातलेला असतो, त्यामुळे ती मऊ असते असं म्हणतात, आणि ४५.२ टक्केच असल्याने तिखटही लागू नये. पण ते कळणार कसं? बुचाकडे बघून?

आणि थांबल्याने ती सुधारतेय असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐका. मुरणं पिंपात होतं. काचेत ओतलं की वय थांबलं. वीस वर्षांची बाटली चाळीस वर्षं ठेवा, ती वीस वर्षांचीच राहते, फक्त तुम्ही चाळीस वर्षांनी म्हातारे होता. उलट बिघडायला मात्र वाव आहे. तात्यांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. मे महिन्यात सोलापूर ४३–४४ अंशांवर जातं, वीज गेली की ती भिंत रात्री दहापर्यंत हाताला चटका देते. चार उन्हाळे बाटलीने तिथे काढलेत. बूच सुकतं, भेगाळतं, हवा आत येते, पातळी खाली जाते. परवा मी उजेडात धरून बघितली. मानेपाशी होती ती रेषा किंचित उतरल्यासारखी वाटली. हावरट देवदूत सोलापुरातही पोचलेत म्हणायचे.

एक युक्तिवाद मात्र मी बाजूला सारू शकत नाही, तो भाच्याचा. तो म्हणतो, बंद पडलेल्या भट्टीची दारू परत कधीच होणार नाही, एखादी बाटली तरी राहायला हवी. स्टिट्झेल-वेलरच्या काळातल्या बाटलीबद्दल हे मला मान्य आहे. पण ते संग्रहालयाचं काम, तिथे तापमान राखतात, नोंद ठेवतात. शिवाय तात्यांची बाटली त्या काळातली नाहीच. ती आजही दर वर्षी थोडी थोडी निघते, पुढच्या वर्षीही निघेल. तिच्यातलं पुन्हा न मिळणारं काही असेल तर ते तिच्याबाहेर आहे.

ताई, हे तुझ्यासाठी. नातीच्या लग्नाला अजून दहा-बारा वर्षं. तात्या आज एक्क्याऐंशीचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात त्यांचं नाक गेलं होतं, आठवतं ना? तीन महिने फोडणीचा वास येत नव्हता. वैतागून एकदा त्यांनी कापराची डबी भिंतीवर फेकली होती. नंतर बरंचसं परत आलं, पण सगळं नाही, आणि वयाप्रमाणे आता पुन्हा कमी होतंय. शनिवारी तो तिसरा कप त्यांनी तीनदा हुंगला तेव्हा मी बघत होतो. आमच्या सगळ्या खानदानात ती बाटली खरोखर वाचू शकेल असं एकच नाक आहे, आणि आपण लग्नाची, भावाची, फ्रेमची वाट बघत बसलोय. स्वतः ते मागणार नाहीत. "पोरांनी ठेवलंय, राहू दे," एवढंच म्हणतात.

आयात शुल्काचीही सबब आता नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने बर्बनवरचं शुल्क दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आणलं. या दर्जाची नसली तरी बरी बर्बन पुण्या-मुंबईच्या दुकानात मिळते. नातीच्या लग्नाला मी स्वतः दोन आणीन, लिहून देतो.

तर ठरलं. येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता, तात्यांकडे गच्चीवर. मी भाच्याला विचारलं, तो 'हो' म्हणाला, तो व्हिडिओवर असेल. बूच तुटलं तर गाळायला चहाची स्वच्छ गाळणी ठेवलीय. पहिला कप तात्यांचा, आणि त्यांचं बोलून झाल्याशिवाय कुणी मत द्यायचं नाही. दादा, तू ये. बर्फ मिळणार नाही.